जुन्या मोटारीची दुरुस्ती : रास्त आकारणीची पारख

मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. तालुक्याच्या गावी नोकरी करणारा शिक्षक, दूरच्या वाडीपर्यंत जाणारा विस्तार अधिकारी, दवाखान्यात रुग्ण पोचविणारे कुटुंब, या सर्वांच्या दृष्टीने ती गरजेची बाब झाली आहे. नवी मोटार घेणे सर्वांनाच परवडते असे नाही. त्यामुळे आठ, दहा किंवा बारा वर्षे वापरलेल्या मोटारी फार मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत. अशा मोटारीची खरेदी स्वस्तात होते. तिचा खरा खर्च पुढे दुरुस्तीच्या रूपाने समोर येतो. गॅरेजने मांडलेली आकारणी रास्त आहे की अवाजवी, हे ठरविण्याचे साधन मात्र बहुतेक वाहनधारकांपाशी नसते. परिणामी काही जण मागितले ते देतात, तर काही जण प्रत्येक आकड्यावर संशय घेऊन सर्वांत स्वस्त कारागिराकडे जातात. या दोन्ही मार्गांत नुकसानच संभवते. हिशेबाची काही साधी तत्त्वे ध्यानी घेतल्यास ते टाळता येते.

आकारणीचे चार घटक

दुरुस्तीचे कोणतेही बिल चार घटकांचे बनलेले असते : सुटे भाग, मजुरी, तेल-ग्रीस यांसारखे किरकोळ साहित्य आणि कर. हे चार घटक ज्या बिलात वेगवेगळे दाखविलेले नसतात, त्याची पारख करणे शक्य नसते. ‘क्लचचे काम, एकूण इतके रुपये’ अशा एका ओळीच्या बिलातून भाग कोणत्या प्रतीचा होता, मजुरी किती लागली, जुना भाग खरोखरच बदलला की नाही, यांपैकी काहीच कळत नाही. म्हणून रास्त दराची पहिली कसोटी आकडा ही नसून आकड्याची फोड ही होय.

मजुरी कशी ठरते

मजुरीविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतो. कारागिराला दिवसाला मिळणारा पगार आणि गॅरेजचा तासाचा दर यांची तुलना केली असता दर अवाच्या सवा वाटतो. परंतु जागेचे भाडे, वीज, हत्यारे, मदतनिसाचे वेतन आणि काम नसलेल्या तासांचा बोजा हे सारे त्या दरातूनच भागवावयाचे असते.

हिशेबाची रीत स्पष्ट व्हावी यासाठी काही आकडे उदाहरणादाखल घेऊ. एका लहान गॅरेजचा सर्व मिळून मासिक खर्च ९०,००० रुपये आहे आणि तेथे दोन कारागीर आहेत असे समजू. महिन्याचे २६ दिवस, रोज ८ तास याप्रमाणे दोघांचे मिळून ४१६ तास होतात. परंतु भाग आणण्यात, दोष शोधण्यात व गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात बराच वेळ जातो. बिलात मोजता येण्याजोगे तास २५० धरल्यास दर तासाचा खर्च ३६० रुपये येतो. त्यावर २० टक्के नफा धरला की दर ४३२ रुपये होतो. म्हणजेच तासाला सव्वाचारशे-साडेचारशे रुपये आकारणारा हा गॅरेजमालक लूट करीत नाही. मोठ्या शहरातील भाडे व अधिकृत सेवाकेंद्रातील यंत्रसामग्री यांमुळे हाच दर तेथे पुष्कळ वाढतो.

यावरून दुसरी गोष्ट निष्पन्न होते. दराइतकेच महत्त्व तासांना आहे. अनेक मोटार कंपन्या प्रत्येक कामासाठी प्रमाणित वेळ ठरवून देतात. अधिकृत सेवाकेंद्रात त्या कामाची मजुरी विचारून घेतल्यास खासगी गॅरेजच्या आकारणीची तुलना करण्यास एक आधार मिळतो. जुन्या मोटारीत गंजलेले बोल्ट तुटणे, आटे जाणे असे प्रकार घडतात, त्यामुळे काही अधिक वेळ धरणे न्याय्य असते. मात्र हा अधिक वेळ कोणत्या अडचणीमुळे लागला, हे कारागिराने दाखविता आले पाहिजे.

एकदा उघडलेले यंत्र दोनदा मोजू नये

अवाजवी आकारणी पुष्कळदा सुट्या भागांत नसते, ती मजुरीच्या पुनरावृत्तीत असते. क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तो उतरविल्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट व रिलीज बेअरिंग ही तिन्ही एकदम बदलणे आणि इंजिनाच्या मागील बाजूचे ऑइल सील तपासणे शहाणपणाचे ठरते, कारण यांपैकी एखादा भाग सहा महिन्यांनी खराब झाला तर सारी मजुरी पुन्हा द्यावी लागते. ज्या इंजिनात टायमिंग बेल्टवर पाण्याचा पंप चालतो, तेथे बेल्ट, टेन्शनर व पंप यांबाबतही हेच म्हणता येते. येथे गॅरेजने अधिक भाग सुचविले म्हणून संशय घेणे योग्य नव्हे. त्या प्रत्येक भागासाठी उघडण्याची व बसविण्याची मजुरी स्वतंत्रपणे लावली, तर मात्र हरकत घेतली पाहिजे.

एक नमुना हिशेब

वरील तत्त्वे एका काल्पनिक अंदाजपत्रकास लावून पाहू. बारा वर्षांच्या एका लहान मोटारीचा क्लच घसरतो. जीएसटी नोंदणी असलेल्या गॅरेजने पुढीलप्रमाणे आकारणी मांडली : क्लच संच ४,२०० रुपये, ऑइल सील २५० रुपये, गिअर ऑइल ७०० रुपये (हे तिन्ही आकडे वेष्टनावरील कमाल किरकोळ किमतीचे), त्यावर १८ टक्के कर ९२७ रुपये, क्लच बसविणे २,५०० रुपये, गिअरबॉक्स उतरविणे १,५०० रुपये, सील बसविणे ६०० रुपये, मजुरीवरील कर ८२८ रुपये, किरकोळ ५०० रुपये. एकूण १२,००५ रुपये.

आता एकेक ओळ तपासू. वेष्टनावर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीत सर्व कर समाविष्ट असतात, म्हणून ९२७ रुपयांची ओळ सर्वस्वी गैर आहे. बिलात कर दाखविणे हे स्वतः चुकीचे नाही. ५,१५० रुपयांपैकी ४,३६४ रुपये मूळ किंमत व ७८६ रुपये कर अशी फोड गॅरेज दाखवू शकते, पण बेरीज छापील किमतीपलीकडे जाता कामा नये. क्लचच्या कामास ५ तास धरले तर वरील दराने मजुरी २,१६० रुपये येते. त्या मानाने २,५०० रुपये थोडे अधिक, तरी हरकत घेण्याजोगे नाहीत. गिअरबॉक्स उतरविल्याविना क्लच बसतच नाही, म्हणून १,५०० रुपयांची ओळ पुनरावृत्तीची आहे. सीलसाठी फ्लायव्हील काढावे लागत असल्यास अर्ध्या तासाचे २०० रुपये रास्त होत. किरकोळ खर्चाचा तपशील मागितल्यास ग्रीस, सफाईचे द्रव व चिंध्या यांचे कर धरून १५० रुपये मान्य करता येतील.

अशा रीतीने भागांचे ५,१५०, मजुरीचे २,७००, तिच्यावरील कराचे ४८६ व किरकोळ १५० मिळून ८,४८६ रुपये होतात. फरक ३,५१९ रुपयांचा आहे. तो काढण्यासाठी यंत्रशास्त्राचे ज्ञान लागले नाही. ओळीने वाचन व दोन प्रश्न एवढेच पुरेसे झाले.

कर आणि किंमत यांसंबंधी नियम

मोटारदुरुस्तीच्या सेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. सुट्या भागांपैकी अनेकांवर पूर्वी २८ टक्के कर होता. दिनांक २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. कराची नोंदणी नसलेल्या गॅरेजला गिऱ्हाइकाकडून कर वसूल करण्याचा अधिकार नाही, तसेच आपसमेळ योजनेखालील व्यावसायिकासही बिलात कर लावता येत नाही. म्हणून कर लावलेल्या बिलावर नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे प्रथम पाहावे. छापील किमतीहून अधिक रक्कम घेतल्यास वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे तक्रार करता येते.

सुट्या भागांची प्रत

एकाच भागाचे बाजारात अनेक दर्जे मिळतात : मोटार कंपनीच्या वेष्टनातील, कंपनीला माल पुरविणाऱ्या कारखान्याच्या स्वतःच्या नावाचा, अन्य उत्पादकाचा, पुनर्बांधणी केलेला आणि नकली. यांपैकी दुसरा प्रकार जुन्या मोटारीस पुष्कळदा उत्तम ठरतो, कारण प्रत चांगली असून किंमत कमी असते. अल्टरनेटर, स्टार्टर, रेडिएटर यांसारख्या भागांची पुनर्बांधणी विश्वासू कारागिराकडून करून घेण्यास हरकत नाही. ब्रेकचे पॅड, ब्रेकच्या नळ्या व स्टिअरिंगचे सांधे यांबाबत मात्र काटकसर करू नये. तेथे वाचविलेल्या चारपाचशे रुपयांची किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागू शकते. एका प्रतीच्या भागाचा दर लावून दुसऱ्या प्रतीचा भाग बसविणे ही फसवणूक होय. ती टाळण्यासाठी नवे वेष्टन पाहून घ्यावे व काढलेला जुना भाग परत मागावा.

दोषाचे निदान आधी, भागांची खरेदी नंतर

जुन्या मोटारीवरील अनाठायी खर्चाचे एक मोठे कारण म्हणजे निदानावाचून भाग बदलणे. इंजिन तापते अशी तक्रार असल्यास शीतकाची पातळी, रेडिएटरचे झाकण, थर्मोस्टॅट, पंखा व त्याचा रिले, रबरी नळ्या हे स्वस्त भाग आधी तपासावयाचे असतात. रेडिएटर, पंप व हेड गॅस्केट यांची पाळी त्यानंतर येते. बॅटरी उतरते म्हणून लगेच नवी बॅटरी घेण्याऐवजी व्होल्टेज मोजावे. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते आणि इंजिन चालू असता बहुतेक मोटारींत १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. दुसरा आकडा कमी असल्यास दोष अल्टरनेटर, पट्टा किंवा जोडण्यांत संभवतो. एक्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल तर तेल जळते आहे असा अंदाज बांधता येतो, परंतु इंजिन उघडण्याचा निर्णय कॉम्प्रेशनची चाचणी घेतल्याशिवाय करू नये. निदानासाठी गॅरेजने स्वतंत्र आकार मागितला तर तो देणे हिताचे असते. निदान फुकट मिळावे असा आग्रह धरल्यास त्याची भरपाई अनावश्यक भागांतून होण्याचा संभव असतो.

दरपत्रके मागविताना

संस्था व कार्यालयांतून वाहनदुरुस्तीसाठी तीन दरपत्रके मागविण्याची पद्धत रूढ आहे. ती उपयुक्त असली तरी तिच्यात एक उणीव राहते. तीन गॅरेजांनी तीन वेगवेगळी कामे गृहीत धरली असतील, तर त्यांच्या दरांची तुलना अर्थहीन ठरते. एकाने केवळ क्लच प्लेट धरलेली असते, दुसऱ्याने संपूर्ण संच. मग सर्वांत कमी दर स्वीकारला जातो आणि चार महिन्यांनी तेच काम पुन्हा निघते. म्हणून दरपत्रक मागविण्यापूर्वी कामाची यादी, भागांची प्रत व हमीचा कालावधी लेखी ठरवून तीच यादी सर्वांना द्यावी. वाहनाच्या इतिहास-पुस्तिकेत दिनांक, किलोमीटर, बदललेले भाग व खर्च यांची नोंद ठेवावी. एकच भाग वर्षात दोनदा बदलला गेल्यास ही पुस्तिकाच ते दाखवून देते.

दुरुस्ती करावी की मोटार काढावी

दुरुस्तीचा खर्च मोटारीच्या विक्रीमूल्याशी ताडून पाहण्याची सवय आहे. तो खर्च पुढे मिळणाऱ्या सेवेच्या वर्षांशी ताडणे अधिक योग्य होय. ८,५०० रुपयांचा क्लच चार वर्षे टिकल्यास वर्षाला सव्वाएकवीसशे रुपये पडतात. याउलट इंजिनाच्या पुनर्बांधणीस ५०,००० रुपये लागणार असतील आणि नोंदणीची दोनच वर्षे उरली असतील, तर तो खर्च वर्षाला २५,००० रुपयांचा होतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत असते व पुढे तपासणीअंती ५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करता येते. त्या वेळची फी, पर्यावरण कर व तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठी करावी लागणारी कामे हिशेबात धरली पाहिजेत. शासकीय वाहनांची स्थिती वेगळी आहे. १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासन, महानगरपालिका, नगरपालिका आणि पंचायती यांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. त्यामुळे पंचायत समितीच्या चौदा वर्षांच्या जीपवर मोठा खर्च मंजूर करण्यापूर्वी उरलेले महिने मोजणे अगत्याचे आहे.

तक्रारीचा मार्ग

काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि ठरलेल्या रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक खर्च होणार असल्यास आधी संमती घेतली जाईल, असे त्यावरच नमूद करून घ्यावे. पुढील बहुतेक वाद यामुळे उद्भवतच नाहीत. तरीही अन्याय झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार आहे. सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते आणि बिल न देणे ही या अधिनियमाखाली अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार कारण घडल्यापासून २ वर्षांत जिल्हा आयोगाकडे करावयाची असते. ५ लाख रुपयांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या प्रकरणी फी लागत नाही. त्यापूर्वी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सल्ला मिळू शकतो.

रास्त दर याचा अर्थ सर्वांत कमी दर असा नव्हे. कारागिराचे कौशल्य, त्याची हत्यारे आणि त्याचे कुटुंब यांनाही त्या दरात स्थान आहे. ज्याला वाजवी मजुरी मिळत नाही तो कारागीर एक तर धंदा सोडतो किंवा भागांतून ती वसूल करतो. वाहनधारकाने तपशील मागावा, तो समजून घ्यावा आणि पटल्यानंतर घासाघीस न करता वेळेवर पैसे द्यावेत. अशा व्यवहारातून जो प्रामाणिक कारागीर जोडला जातो, तो जुन्या मोटारीच्या मालकास कोणत्याही एका सवलतीपेक्षा अधिक काळ उपयोगी पडतो.