‘रेस्ट’ : अनेकार्थता, समरूपता आणि अनुवाद

एका शब्दाला अनेक अर्थ असतात, हे विधान इतके सरसकट केले जाते की त्याखाली दोन निरनिराळ्या घटना झाकल्या जातात. एकाच मूळ अर्थाचा विस्तार होऊन शब्द अनेकार्थी बनतो, ही एक. आणि मुळात भिन्न असलेले दोन शब्द कालांतराने उच्चारात व लेखनात एकरूप होतात, ही दुसरी. पहिलीस अनेकार्थता आणि दुसरीस समरूपता म्हणता येईल. इंग्रजीतील ‘रेस्ट’ या नित्याच्या शब्दात या दोन्ही घटना एकत्र आढळतात.

विश्रांतिवाचक ‘रेस्ट’ हा जर्मानिक कुळातील शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत तो विश्रांती आणि शय्या या दोन्ही अर्थांनी येतो. त्याचा गॉथिक भाषेतील सगोत्र शब्द मैल या अर्थी वापरला जाई. म्हणजे विसावा घेण्यापूर्वी तोडावयाचे अंतर. मराठीतील ‘मजल’ हा शब्दही मुक्कामाचे ठिकाण दर्शविणाऱ्या अरबी शब्दापासून आला असून दोन मुक्कामांमधील अंतराचा वाचक झाला आहे. मृत्यू, संगीतातील मोजलेले मौन, पदार्थाची गतिहीन अवस्था, हात टेकण्याचा आधार हे ‘रेस्ट’चे पुढील अर्थ होत. गती किंवा भार थांबणे, हे या सर्वांना जोडणारे सूत्र. मराठीत हे अर्थ चिरनिद्रा, विराम, स्थिरता, टेकू अशा शब्दांत विभागले गेले आहेत. तरी ‘पाठ टेकणे’ आणि ‘काठी भिंतीला टेकणे’ या प्रयोगांत विसावा व आधार यांचे तेच नाते मराठीनेही जपले आहे.

‘उरलेला भाग’ या अर्थाचा ‘रेस्ट’ मात्र वेगळाच शब्द आहे. लॅटिनमधील ‘मागे उभे राहणे’ या अर्थाच्या ‘रेस्तारे’ या क्रियापदापासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. व्युत्पत्तीने हे दोन शब्द परके. परंतु कोशकाराने वेगळे केलेले शब्द कवी एकत्र आणू शकतो.

जॉर्ज हर्बर्ट यांच्या ‘द टेंपल’ या 1633 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहातील ‘द पुली’ ही कविता याचे उत्तम उदाहरण आहे. ईश्वर मानवावर सामर्थ्य, सौंदर्य, ज्ञान, मान, सुख यांची पखरण करतो. पात्राच्या तळाशी केवळ ‘रेस्ट’ उरते आणि ते तो स्वतःकडेच ठेवतो. हेही दान मिळाले, तर मानव दात्याला विसरून दानातच रमेल, हे त्यामागचे कारण. पुढे ‘बाकीचे मानवाकडे राहू दे’ अशा आशयाच्या वचनात ‘रेस्ट’ हाच शब्द दुसऱ्या अर्थाने येतो. मानवाला उरलेले सर्व मिळते, विश्रांती तेवढी मिळत नाही. हा श्लेष केवळ शब्दचमत्कृती नव्हे. मिळालेले आणि न मिळालेले एकाच नावाने ओळखले जाते, यातच कवितेचा आशय सामावला आहे.

मराठी अनुवादकाची अडचण येथे सुरू होते. ‘शेष’ हा शब्द मोहात पाडणारा आहे. उर्वरित हा त्याचा अर्थ, आणि विष्णूची शय्याही शेषाचीच. परंतु हा संकेत एका ख्रिस्ती भक्तिकवितेत क्षीरसागर आणून सोडील. ‘विश्रांती’ किंवा ‘विसावा’ योजल्यास शरीराचा शीण सूचित होतो. हर्बर्ट यांना अभिप्रेत आहे ती मनाची अवस्था. शिवाय ईश्वराने राखून ठेवलेल्या ‘रेस्ट’समोर कवितेच्या अखेरीस त्याच शब्दापासून बनलेले अभाववाचक रूप उभे राहते. ‘विसावा’ या शब्दापासून असे रूढ अभावरूप मिळत नाही. ‘स्वस्थता’ आणि ‘अस्वस्थता’ या जोडीत मात्र तो विरोध सहज उमटतो. विशेष असे की ‘स्वस्थ’मधील ‘स्था’ हा धातू आणि ‘रेस्तारे’मधील लॅटिन धातू हे एकाच इंडो-युरोपीय मुळाचे आहेत.

‘स्वस्थता’ स्वीकारल्यास ‘उरलेले’ या अर्थाचा श्लेष गमवावा लागतो, हे खरे. तथापि अनुवादाचे मूल्यमापन किती अर्थ हाती राहिले या गणनेवर करता येणार नाही. कवितेचा भार कोणत्या अर्थावर टेकलेला आहे आणि तो अर्थ सांभाळला गेला की नाही, हीच खरी कसोटी होय. अध्यापनातही ‘रेस्ट म्हणजे विश्रांती’ एवढ्यावर थांबल्यास विद्यार्थ्याला शब्द कळतो, कविता कळत नाही.