जुना लॅपटॉप : विंडोज की लिनक्स?

कामशेत, वडगाव, तळेगावहून लोकलने लोणावळ्याला येणाऱ्या कित्येकांच्या बॅगेत दादाचा किंवा ताईचा जुना लॅपटॉप असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे लॅपटॉप धडधाकट, पण मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही! आणि नव्या लॅपटॉपसाठी घरी पैसे मागणं सगळ्यांनाच जमत नाही.

अशा वेळी लिनक्स कामाला येतं. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्सने त्याचा कर्नल लिहिला, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता, म्हणजे आपल्याच वयाचा. लिनक्स मिंट २ जीबी रॅमवर चालतं, ४ जीबी असेल तर आरामात. पैसे लागत नाहीत, त्यामुळे पायरेटेड कॉपीची भानगडही नाही. पुणे विद्यापीठाच्या कॉम्प्युटरच्या २०१९ पॅटर्नमध्ये प्रॅक्टिकलसाठी ६४-बिट ओपन सोर्स लिनक्सच सुचवलं होतं. मराठीचीही अडचण नाही. रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या केलेल्या ‘लोहित’ फॉन्टवर पुढे बरंचसं काम आपल्या पुण्यातच झालं.

मग सगळ्यांनीच लिनक्स टाकायचं का? नाही! आधी आपली ब्रँच बघा. मॅटलॅब, पायथन, सी, जावा लिनक्सवर मस्त चालतात. पण ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स यांची लिनक्स आवृत्तीच नाही. मेकॅनिकल, सिव्हिलवाल्यांनी विंडोज पूर्ण काढून टाकलं, तर सबमिशनला पंचाईत होईल. त्यांनी दोन्ही ठेवावं, म्हणजे ड्युअल बूट.

पद्धत सोपी आहे.

१. ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मिंटची आयएसओ फाईल रुफसने लिहा. पेन ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा.

२. लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करा. काहीही इन्स्टॉल न करता मिंट वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रोजेक्टर, झाकण मिटल्यावर स्लीप, सगळं तपासा.

३. पटलं तर आधी नोट्स आणि फोटोंचा बॅकअप घ्या. डिस्कवर बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. मग विंडोजमध्येच पार्टिशन लहान करून जागा मोकळी करा. २० जीबी किमान, १०० असेल तर उत्तम.

४. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा गेलेली असते आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. पार्टिशनचं काम चालू असताना मशीन बंद पडलं तर डेटा जाऊ शकतो. म्हणून हे काम लॅबमध्ये यूपीएसवर करा.

विंडोज चांगलं की लिनक्स, यावर कॅन्टीनमध्ये खुशाल भांडा. पण निवड करताना एवढंच विचारा : माझं काम कशावर होतं आणि माझं मशीन काय झेपवू शकतं?

आणि हो, सबमिशनच्या आठवड्यात मात्र हा प्रयोग करू नका!