कामगाराच्या पायातील सेफ्टी बूट : सोय आणि टिकाऊपणा

दुपारच्या जेवणानंतर एखाद्या चिरेखाणीवर किंवा बांधकामाच्या जागी फेरी मारली, तर एक दृश्य पुष्कळदा नजरेस पडते. झाडाच्या सावलीत पोलादी टोकाच्या बुटांचे दोनचार जोड पडलेले असतात आणि ते बूट ज्यांना मिळाले ते कामगार रबरी चपला घालून दगड उचलीत असतात. मुकादमाने हटकले, की उत्तरे ठरलेली असतात : बूट चावतात, पाय उकडतात, चालताना जड होतात. वरकरणी हा निष्काळजीपणा वाटतो आणि त्याचे खापर कामगाराच्या अज्ञानावर फोडले जाते. तथापि बूट हातात घेऊन पाहिले, तर यांतील बहुतेक तक्रारी खऱ्या असल्याचे आढळून येते. जो बूट पायात राहत नाही, तो कोणाचेच रक्षण करीत नाही. सबब बुटाचा आरामशीरपणा ही चैनीची बाब नसून तो सुरक्षिततेचाच एक भाग होय, हे बूट घालणाऱ्याने आणि त्याहूनही अधिक बूट खरेदी करणाऱ्याने ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

पोलादी टोपी काय करते?

सेफ्टी बुटाच्या पुढच्या भागात, कातडे आणि अस्तर यांच्या मध्ये, एक वाकवलेली टोपी बसविलेली असते. बोटांवर पडणारा भार ती स्वतःवर घेते आणि बुटाच्या तळाकडे उतरविते. भारतीय मानक क्रमांक १५२९८ च्या दुसऱ्या भागानुसार या टोपीने २०० ज्यूल इतक्या ऊर्जेचा आघात सोसला पाहिजे. याचा व्यवहारातील अर्थ असा, की सुमारे २० किलो वजनाची वस्तू एक मीटर उंचीवरून पडली, तरी बोटे चिरडली जाता कामा नयेत. ३० किलोंचा चिरा मांडीच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटरांवरून निसटला, तर होणारा आघात जवळपास एवढाच असतो. याखेरीज १५ किलोन्यूटन, म्हणजे साधारणपणे दीड टन वजनाइतका दाबही टोपीने सोसावा लागतो. आघाताच्या चाचणीनंतर टोपीखाली किती पोकळी उरली पाहिजे, हेही ठरलेले आहे. ४१ व ४२ नंबरच्या बुटात ती किमान १४ मिलिमीटर असावी लागते.

याच मानकाच्या तिसऱ्या भागातील बुटांची टोपी १०० ज्यूलचीच असते आणि चौथ्या भागातील बुटांना टोपी असण्याची सक्ती नसते. बाहेरून तिन्ही प्रकार सारखेच दिसू शकतात. म्हणून केवळ आय. एस. आय. चिन्ह पाहून न थांबता मानकाचा कोणता भाग छापला आहे, हेही वाचावे.

‘मोठे वजन पडले तर पोलादी टोपीच वाकून बोटे कापते,’ असा एक समज कामगारांत रूढ आहे. तो योग्य नव्हे. टोपी वाकविण्याइतका आघात झाला असता, ती नसलेल्या पायाची बोटे आधीच चिरडली गेली असती. अर्थात या टोपीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती फक्त बोटांपुरती असते. पायाचा वरचा फुगीर भाग तिच्याखाली येत नाही. भरलेल्या ट्रकच्या एकेका चाकावर दीड टनाहून पुष्कळ अधिक भार असू शकतो. त्याखाली सापडलेल्या पायाची हमी असा बूट देत नाही.

माप घेण्याची रीत

बूट चावण्याचे पहिले कारण म्हणजे चुकीचे माप. साधा कातडी बूट थोडा घट्ट असला, तर वापराने सैलावतो. पोलादी टोपी कधीही सैलावत नाही. पहिल्या दिवशी जे बोट टोपीला लागते, ते शेवटच्या दिवसापर्यंत लागतच राहते. परिणामी फोड, घट्टे, कुरूप आणि नखांचे विकार उद्भवतात व अखेर बूट झाडाखाली जातो.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या श्रमाने पाय किंचित सुजलेला असतो. ते उभे राहून घ्यावे, कारण अंगाचा भार पडला म्हणजे पाय लांब व रुंद होतो. दोन्ही पायांची मापे घेऊन मोठ्या पायाचे माप धरावे. कामावर जे मोजे घालावयाचे, तेच मोजे घालून बूट पाहावा. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा राहावी आणि टाच मात्र उचलली जाऊ नये. त्यानंतर बूट घालून दोनतीन वेळा उकिडवे बसावे. आपल्याकडील बरेचसे काम उकिडवे बसून होते. त्या वेळी टोपीची मागची कड बोटांच्या सांध्यावर रुतत असेल, तर तो बूट त्या पायाचा नव्हे.

लहानपणापासून अनवाणी चाललेल्यांचा चवडा बहुधा रुंद असतो. अरुंद बांधणीचा बूट त्यांना दाटतो, म्हणून ते एक-दोन नंबर मोठा बूट मागतात. मग चवडा मावतो, पण टाच आत घसरते आणि उतारावर पाय अडखळतो. अशा पायांसाठी रुंद बांधणीचे बूट मागविणे हाच खरा उपाय. स्त्री-कामगारांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच जाणवतो. स्त्रियांची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असल्याने पुरुषांच्या बुटाचा लहान नंबर त्यांना नीट बसत नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या साच्यावर बनविलेले बूट मिळतात आणि तेच मागवावेत.

नंबरांच्या पद्धतींतही घोटाळा होतो. इंग्रजी पद्धतीत एका नंबराचा फरक सुमारे साडेआठ मिलिमीटरांचा असतो, तर युरोपीय पद्धतीत तो पावणेसात मिलिमीटरांहून थोडा कमी असतो. इंग्रजी ८ नंबर हा साधारणपणे युरोपीय ४२ च्या जवळ येतो. मागणीपत्रात कोणती पद्धत धरली आहे, हे स्पष्ट लिहावे.

कामाप्रमाणे बूट

बुटाचा जडपणा हे न वापरण्याचे दुसरे कारण. पोलादाऐवजी मिश्र द्रव्यांची टोपी असलेले बूटही मिळतात. ते काहीसे हलके असून उन्हात पोलादाइतके तापत नाहीत. त्यांनाही २०० ज्यूलचीच चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. मात्र टोपीपेक्षाही तळाच्या द्रव्यावर बुटाचे वजन व सोय अधिक अवलंबून असते.

पॉलियुरेथेन या द्रव्याचा तळ हलका व मऊ असतो. चालताना बसणारे हादरे तो चांगले शोषतो. गोदाम, यंत्रशाळा, मालवाहतूक या कामांस तो सोयीचा. परंतु तापलेल्या पृष्ठभागावर तो टिकत नाही. भट्टी, ओतकाम किंवा डांबरीकरण अशा कामांसाठी नायट्राइल रबराचा तळ घ्यावा. उष्णतारोधक म्हणून चिन्हांकित केलेला असा तळ ३०० अंश सेल्सियसच्या तप्त पृष्ठभागावर एक मिनिट टेकविण्याची चाचणी सोसतो. तो वजनाने जड असतो. म्हणून गरज नसेल तेथे तो कामगाराच्या माथी मारू नये.

बुटावरील अक्षरांनाही अर्थ असतो. ‘एस-१’ म्हणजे मागून बंद व टाचेत हादरा शोषणारा बूट. ‘एस-२’ मध्ये कातड्यातून पाणी झिरपण्यास प्रतिबंध असतो. ‘एस-३’ मध्ये याशिवाय तळातून खिळा आत घुसू नये म्हणून एक पत्रा किंवा थर असतो आणि तळाला खोल खाचा असतात. लाकडी फळ्या व खिळे विखुरलेल्या बांधकामावर ‘एस-३’च योग्य. विजेच्या चालू तारांवर काम करणाऱ्यांनी यांपैकी कोणताही बूट विद्युतरोधक समजू नये. त्या कामाचे बूट वेगळे असतात.

घाम, पाऊस आणि मोजे

गोवा व कोकणपट्टीच्या दमट हवेत पाय उकडण्याची तक्रार स्वाभाविक आहे. ओल्या पायाची कातडी मऊ पडते, सोलवटते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यावर उपाय साधे आहेत. दररोज धुतलेले मोजे घालावेत व भिजले तर दुपारी बदलावेत. सुती मोजा घाम शोषतो, पण तो ओला राहतो; सुताबरोबर कृत्रिम धागा मिसळलेला जाड मोजा अधिक सोयीचा पडतो. काम संपताच बुटाची नाडी पूर्ण सैल करून, जीभ बाहेर ओढून, आतला सुटा तळवा काढून ठेवावा. शक्य असल्यास प्रत्येकी दोन जोड देऊन ते दिवसाआड वापरावेत. आळीपाळीने वापरलेले दोन जोड, एकामागून एक झिजविलेल्या दोन जोडांपेक्षा सहसा अधिक काळ टिकतात. कारण कातड्याला सुकण्यास पुरेसा अवधी मिळतो.

नवा बूट पहिल्याच दिवशी आठ तास घालू नये. आठवडाभर रोज एक-दोन तास वाढवीत न्यावे. सकाळी बूट घालण्यापूर्वी तो उलटा करून झटकावा. विंचू किंवा किडा आत शिरलेला असू शकतो. ज्यांना मधुमेह आहे, त्यांनी घरी गेल्यावर रोज पाय तपासावेत. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असल्यास बूट चावल्याचे कळत नाही आणि लहानशा फोडाची मोठी जखम होते.

बूट का लवकर जातो?

कातडे मरते ते उन्हाने व आगीने. पावसात भिजलेला बूट चुलीशेजारी ठेवला, की कातडे ताठ होऊन भेगाळते आणि तळाचा जोड सुटतो. तो सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते ओले होताच बदलावेत. चिखल व सिमेंट त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसावे, कारण सिमेंट कातड्याला खाते. आठवड्यातून एकदा पॉलिश किंवा मेण लावावे. टाच मोडून बूट सपाटेसारखा घालण्याची सवय बुटाचे आयुष्य निम्म्यावर आणते आणि घोट्याचा आधारही घालविते.

साठवणुकीतील एक दोष भांडारपालांनी विशेषत्वाने जाणून घ्यावा. पॉलियुरेथेनचा तळ हवेतील ओलाव्यामुळे कालांतराने आतून विघटित होतो. काही वर्षे खोक्यात पडून राहिलेला, दिसण्यास कोरा करकरीत बूट पायात घालताच तळ भुगा होऊन गळू लागतो. म्हणून वर्षानुवर्षांचा साठा एकदम करू नये. मानकानुसार बुटावर निर्मितीचा काळ छापलेला असतो. तो पाहून जुना माल आधी वाटावा आणि पुरवठादाराकडून शिळा माल स्वीकारू नये.

बूट केव्हा टाकून द्यावा, याचेही नियम आहेत. टोपीवर एकदा जबर आघात झाला, की वरून खूण दिसत नसली तरी तो जोड बाद करावा. तळाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या, तळ उसवला, टोपी उघडी पडली किंवा कातड्याला आरपार भेग गेली, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता नवा जोड द्यावा.

खरेदी करणाऱ्याची जबाबदारी

सर्वांत कमी दराच्या निविदेने घेतलेला बूट सर्वांत स्वस्त असतोच असे नाही. जो जोड चार महिन्यांत फाटतो किंवा पहिल्याच आठवड्यात झाडाखाली जातो, त्यावरील सारा खर्च वाया गेलेला असतो. मागणीपत्रात मानकाचा भाग, तळाचे द्रव्य, रुंदी, स्त्रियांची मापे आणि निर्मितीकाळ यांचा उल्लेख असावा. मोठी खरेदी करण्यापूर्वी नमुन्याचे काही जोड निरनिराळ्या पायांच्या कामगारांना आठ-पंधरा दिवस वापरावयास द्यावेत व त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. बसत नसलेला नंबर बदलून देण्याची अट करारात असावी.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० अन्वये सुरक्षिततेसाठी पुरविलेल्या गोष्टींचा आकार मालकाला कामगाराकडून घेता येत नाही. लहानसहान कामांवर कायद्याचा हात कदाचित पोहोचत नसेल. परंतु निसटलेला दगड आस्थापनेची नोंदवही पाहून पडत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाची दोन बोटे गेली, तर औषधपाण्याबरोबर त्याची मजुरीही थांबते आणि पुढे जड काम मिळणे दुरापास्त होते. त्या मानाने बुटाची किंमत फार मोठी नाही.

शिक्षकांसाठी एक प्रात्यक्षिक

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील किंवा माध्यमिक शाळांतील शिक्षकांना हा विषय एका तासात शिकविता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने कागदावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढून घ्यावी. तीच कृती खुर्चीवर बसून पुन्हा करावी. दोन्ही आकृत्यांची लांबी व रुंदी मोजून फरक लिहावा. नंतर बुटातील सुटा तळवा काढून तो उभ्या आकृतीवर ठेवावा आणि पाय कोठे बाहेर येतो, ते पाहावे. घरी वडील, आई किंवा भाऊ सेफ्टी बूट वापरीत असतील, तर त्यांच्या पायाचीही आकृती संध्याकाळी काढून त्यांच्या बुटाच्या तळव्याशी ताडून पाहावी.

जेथे आकृती तळव्याच्या बाहेर जाईल, तेथेच बूट चावत असला पाहिजे. असा कागद मुकादमाच्या किंवा भांडारपालाच्या हाती दिला, तर ‘बूट चावतात’ ही तक्रार नुसती कुरकुर राहत नाही. ती एक मोजलेली गोष्ट होते आणि तिचा उपायही त्याच कागदावर दिसतो.