सुरक्षित परिचारिका-संख्या : मागणी आणि गणित

परिचारिका संघटना आंदोलनात उतरल्या की प्रश्न केवळ वेतनाचा असावा, असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. वस्तुतः त्यांच्या मागण्यांत रिक्त पदे भरण्याची मागणी सातत्याने असते, आणि तिचा संबंध थेट रुग्णाच्या सुरक्षिततेशी आहे.

दि. 6 नोव्हेंबर 2021 रोजी अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून 11 कोविड रुग्ण मृत्युमुखी पडले. पुढे एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह तीन परिचारिकांना अटक झाली. परिचारिका संघटनांनी तिचा निषेध केला. दोषनिश्चिती हे न्यायालयाचे कार्य होय. तथापि संकटसमयी रुग्णांजवळ किती हात उपलब्ध असावेत, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाने स्वतःस विचारावयास हवा. मे 2022 च्या अखेरीस राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतांद्वारे होणाऱ्या भरतीविरुद्ध काम बंद ठेवले, तेव्हाही कायमस्वरूपी पदभरती हाच मुद्दा होता.

आता गणित पाहू. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य कक्षात अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक, तर अन्यत्र पाच खाटांमागे एक परिचारिका असावी; शिवाय रजेसाठी 30 टक्के राखीव पदे असावीत. 30 खाटांच्या कक्षास पाचास एक या प्रमाणे 6 पदे मिळतात. ती तीन पाळ्यांत विभागली की प्रत्येक पाळीस दोघी उरतात. म्हणजे एकीकडे 15 रुग्ण. राखीव पदे रिक्त राहिली तर साप्ताहिक सुटी वा आजारपणाच्या दिवशी संपूर्ण कक्ष एकीवर येतो. कागदावरील प्रमाण आणि खाटेजवळचे प्रमाण यांतील हे अंतर संघटना दाखवून देतात.

याचा परिणाम मोजलेला आहे. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली आढळली. कॅलिफोर्नियात परिचारिका संघटनेच्या प्रयत्नांतून 1999 मध्ये किमान प्रमाणाचा कायदा झाला व 2004 पासून तो अमलात आला. तेथील प्रमाण मंजूर पदांचे नसून प्रत्येक पाळीतील प्रत्यक्ष उपस्थितीचे आहे.

धर्मादाय रुग्णालयांना हे विवेचन अधिकच लागू पडते. निर्धन रुग्णाची खाट विनामूल्य असली, तरी तिला लागणारी शुश्रूषा कमी नसते. आणि त्या रुग्णास खाजगी परिचारिका ठेवणेही परवडत नाही. म्हणून मंजूर पदांऐवजी पाळीनिहाय उपस्थिती नोंदवावी, राखीव पदे प्रथम भरावीत आणि परिचारिकांच्या प्रतिनिधींसमवेत ही नोंद नियमित तपासावी, असे आम्हांस वाटते. परिचारिकांनी मांडलेली तक्रार ही पुष्कळदा रुग्णाचीच तक्रार असते. तो आजारी असल्यामुळे ती मांडू शकत नाही, इतकेच.