मॉर्फिनची चिठ्ठी आणि तिच्यावरील एकूण आकडा

मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर आणि रतलाम या जिल्ह्यांत शासकीय पट्ट्यावर अफूची शेती होते, त्या अफूपासून मॉर्फिनसारखी द्रव्ये वेगळी करणारा सरकारी कारखाना नीमचला आहे आणि या व्यवहारावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालयही याच राज्यात, ग्वाल्हेरला आहे. असे असूनही भोपाळमधील असाध्य कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनची गोळी दीर्घकाळ दुर्लभ राहिली. याचे कारण १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात, म्हणजे व्यवहारात ‘एनडीपीएस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कायद्यात सापडते. त्यातील कठोर शिक्षांची धास्ती आणि बाळगणे, आणणे, नेणे अशा प्रत्येक कृतीसाठी लागणारे स्वतंत्र परवाने यांमुळे बहुतेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले आणि पुढील दशकभरात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर कमालीचा घटला.

२०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधे’ हा वेगळा वर्ग निर्माण केला आणि २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी देशभर एकच पद्धत घालून दिली. तिच्यानुसार राज्याच्या औषध नियंत्रकाकडून ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ असा दर्जा मिळवणाऱ्या रुग्णालयाला किंवा हॉस्पिसला, म्हणजे असाध्य रुग्णांच्या शुश्रूषालयाला, पूर्वीचे अनेक परवाने लागत नाहीत. मात्र वेदनाशमनाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर, वार्षिक गरजेचा अंदाज, आवक-जावकीची नोंदवही आणि मुदत संपण्यापूर्वी मान्यतेचे नूतनीकरण ही जबाबदारी त्या संस्थेवर येते. थोडक्यात, कायद्याने आपली अडवणूक बरीच कमी केली आहे. आज रुग्णाचे हाल होतात ते अनेकदा चिठ्ठी लिहिणाऱ्या हाताच्या निष्काळजीपणामुळे, आणि प्रस्तुत लेखकाचा हातही त्याला अपवाद नव्हता.

प्रस्तुत लेखक भोपाळमधील ज्या गृहशुश्रूषा सेवेत काम करत होता, तिच्याकडे बैतूल जिल्ह्यातील मुलताई परिसरातील एक मराठी शेतकरी कुटुंब येत असे. घरातील वडिलांना दर चार तासांनी दहा मिलिग्रॅमची एक गोळी, म्हणजे दिवसाला सहा आणि चौदा दिवसांच्या ८४ गोळ्या, असा हिशेब करून चिठ्ठीवर ८४ हा आकडा लिहिला गेला. नियमित मात्रांच्या मधेच वेदना उसळली तर आणखी एक गोळी द्यावी, हे मुलाला तोंडी सांगितले होते. अशा जादा मात्रेला उद्रेकी वेदनेची मात्रा म्हणतात आणि ती साधारणतः दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्श्याइतकी असते. मुलाने सांगितल्याप्रमाणेच केले, रोज सरासरी तीन जादा गोळ्या लागल्या आणि दहाव्या दिवशी डबी रिकामी झाली. तो दिवस शनिवार होता. मुलताईच्या कोणत्याही दुकानात मॉर्फिन नव्हते. भोपाळच्या औषधकक्षातील कर्मचाऱ्याने नव्या लेखी चिठ्ठीशिवाय गोळ्या देण्यास नकार दिला आणि तो नकार पूर्णपणे योग्य होता. दूरध्वनीवरून किंवा व्हॉट्सॲपवरून चिठ्ठी पाठवण्याचा मार्गही बंद होता, कारण मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी एनडीपीएस कायद्याखालील औषधे अशा रीतीने लिहून देण्यास मनाई केली आहे. सोमवारी सकाळी मुलगा भोपाळला पोहोचेपर्यंत त्या वृद्धाने दोन रात्री अशा काढल्या, ज्या टाळण्यासाठीच ही सेवा अस्तित्वात होती. ही चूक कायद्याची नव्हती, दुकानदाराची नव्हती आणि ज्याच्यावर आधी संशय घेतला गेला त्या मुलाचीही नव्हती. गोळ्या लवकर संपल्याचे कळताच ‘घरातून औषध इतरत्र जात असावे’ ही शंका प्रथम मनात आली, ही बाब येथे नमूद करणे लेखकाला आवश्यक वाटते.

म्हणून चिठ्ठीवर डॉक्टरचे नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, सही व दिनांक, तसेच रुग्णाचे नाव व पत्ता हा तपशील तर असावाच, पण एकूण संख्येत जादा मात्राही धराव्यात आणि दिवसाला त्या जास्तीत जास्त किती घेता येतील हे अंकांत व अक्षरांत लिहावे. वरील उदाहरणात दिवसाला चार जादा गोळ्यांची मर्यादा घातली असती तर चौदा दिवसांचा आकडा १४० झाला असता. चिठ्ठी कधी संपेल तो दिनांक काढून त्याच्या चार दिवस आधीची भेट ठरवावी. ती सुटीच्या दिवशी येत असेल तर आणखी अलीकडे आणावी. बसने किंवा रेल्वेने लांबवर जाणाऱ्या नातेवाइकाजवळ चिठ्ठीची प्रत आणि औषध कोणासाठी आहे हे सांगणारे संस्थेच्या शिक्क्याचे पत्र द्यावे, कारण रुग्णाला रीतसर दिलेले औषध घरी बाळगण्यास नियमांची मुभा आहे, हे वाटेत अडवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतेच असे नाही. मॉर्फिनसोबत रेचक लिहावयास विसरू नये. त्याचा कायद्याशी संबंध नाही, परंतु बद्धकोष्ठाला कंटाळून रुग्ण गोळ्या सोडतो आणि मग शिल्लक गोळ्यांचा हिशेब बिघडतो.

शिल्लक गोळ्यांच्या बाबतीत होणारी दुसरी चूक बहुधा दयेपोटी होते. एका रुग्णाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी परत दिलेल्या गोळ्या एका परिचारिकेने औषध संपलेल्या दुसऱ्या गरीब रुग्णाला परस्पर दिल्या. हेतू निर्मळ होता, तरीही त्या गोळ्यांची परतीची नोंद नव्हती व देण्याचीही नव्हती, आणि तपासणी झाली असती तर एका परिचारिकेच्या करुणेमुळे संपूर्ण संस्थेची मान्यता, पर्यायाने सर्वच रुग्णांचे औषध, धोक्यात आले असते. परत आलेली गोळी पुन्हा कोणालाही देऊ नये; ती मोजून, दोघांच्या सहीने नोंदवून, कुलुपात वेगळी ठेवावी आणि संस्थेच्या लेखी पद्धतीनुसार साक्षीदारांसमोर नष्ट करावी. नोंदवहीतील शिल्लक व कपाटातील शिल्लक रोज जुळवावी, खाडाखोड झाल्यास जुना आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारून बाजूला सही करावी आणि या नोंदी किमान दोन वर्षे जपाव्यात.

मुलताईच्या त्या वृद्धाचे पुढे सात आठवड्यांनी, सुधारित चिठ्ठीवर, घरीच निधन झाले. तेराव्यानंतर मुलगा भोपाळला आला, रुमालात बांधलेल्या २२ गोळ्या त्याने टेबलावर मांडल्या, परिचारिकेसमोर त्या दोनदा मोजल्या आणि नोंदवहीत स्वतःची सही केली.