स्वस्त हातमोजे घर्षणाच्या कसोटीवर

मोटारसायकलवरून पडताना माणसाचे हात आपोआप पुढे येतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया होय. त्या वेळी विचार करायला सवडच नसते. त्यामुळे रस्त्याचा पहिला प्रसाद पुष्कळदा तळव्यालाच मिळतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हेल्मेट सक्तीचे केले आहे, हातमोजे नाहीत. बाजारात ते काही शे रुपयांपासून काही हजारांपर्यंत मिळतात. मग स्वस्त मोजे घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे काय? चला, थोडे गणित करून पाहू.

समजा, ताशी ४० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर वेगाने जाणारा स्वार पडून घसरू लागला. कपडे व डांबरी रस्ता यांमधील घर्षणांक ०.६ धरला, तर त्याचा वेग दर सेकंदाला सुमारे ६ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होईल. म्हणजे थांबायला जवळजवळ २ सेकंद लागतील व तो सुमारे १० मीटर घसरत जाईल. आता वेग ताशी ८० किलोमीटर घ्या. वेळ दुप्पट, म्हणजे सुमारे पावणेचार सेकंद. पण अंतर चौपट, म्हणजे सुमारे ४१ मीटर! गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे तुम्ही शिकला आहातच. या ऊर्जेची उष्णता होते व कापड झिजते. नायलॉन, पॉलिएस्टर यांचे पातळ कापड अशा उष्णतेने वितळू शकते. चामडे वितळत नाही, आणि जाड असेल तर झिजायलाही वेळ लावते.

हा ‘वेळ’च प्रयोगशाळेत मोजतात. युरोपात मोटारसायकलच्या हातमोज्यांसाठी ‘ईएन १३५९४’ हे मानक आहे. तळव्याच्या भागाचा तुकडा वेगाने फिरणाऱ्या खरखरीत पट्ट्यावर टेकवतात आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते पाहतात. पहिल्या पातळीसाठी निदान ४ सेकंद, दुसरीसाठी ८ सेकंद टिकावे लागते. यंत्रावरचा सेकंद म्हणजे रस्त्यावरचा सेकंद नव्हे. पण दोन मोज्यांची तुलना त्यावरून नीट करता येते.

झीज हा एकच धोका नाही. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात, नौकेच्या आकाराचे एक लहान हाड असते. तळवा रस्त्यावर अडकला आणि शरीर मात्र पुढे गेले, तर ते मोडू शकते. त्याला रक्तपुरवठा कमी असल्याने ते सावकाश जुळते. म्हणून काही मोज्यांच्या तळव्याच्या बुडाशी गुळगुळीत कठीण प्लॅस्टिकची चकती बसवतात. हात अडकण्याऐवजी घसरावा, हा तिचा हेतू.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. किंमत ही संरक्षणाची मोजपट्टी नव्हे. नक्षी, रंग व नाव यांचेही पैसे पडतात. तळव्याला अखंड चामडे, दुहेरी शिवण व मनगटाला घट्ट पट्टा असलेला साधा मोजा हा जाळीच्या दिखाऊ मोज्यापेक्षा केव्हाही बरा. मात्र पडताना हातातून निसटणाऱ्या मोज्याची किंमत कितीही असो, त्याचे संरक्षण शून्य!

तुमचे वय अजून मोटारसायकल चालवण्याचे नसेल. पण घरातील मोठी माणसे चालवत असतील. त्यांच्या मोज्यांची परीक्षा तुम्ही घेऊ शकता.

करून पाहा

१. मोजे घालून पट्टा आवळायला सांगा. बोटांची टोके धरून ओढा. मोजा निघाला, तर तो नापास.

२. तळव्यावरील शिवणी हलकेच ताणा. टाके उघडे पडतात का?

३. सुती कापड, पॉलिएस्टर व टाकाऊ चामडे यांचे सारखे तुकडे घ्या. प्रत्येक तुकडा एकाच आकाराच्या लाकडी ठोकळ्याला बांधून त्यावर सारखेच वजन ठेवा व पॉलिश पेपरवर घासा. भोक पडेपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते लिहून ठेवा. दर वेळी नवा पॉलिश पेपर का घ्यावा, याचाही विचार करा.