नवा कोयता घेताना: चकाकी राहू दे, आधी मूठ बघा



दसरा झाला, भातकापणी आवरत आली. आता बागेची बेणणी, आंब्यावरची बांडगुळं काढणं, आणि थंडी पडली की कवळतोड. नवा कोयता घ्यायचा हाच हंगाम. ऑफिसात येणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: गावच्या लोहाराकडून घ्यावा, बाजारातला तयार घ्यावा, की मोबाईलवर दिसतो तो चकचकीत मागवावा? म्हणून आज खत-फवारणी बाजूला ठेवून कोयत्यावर लिहितोय. संदेश जरा लांब आहे, सवडीने वाचा.

कुठून घेतला यापेक्षा कसा बनवलाय ते महत्त्वाचं. त्यासाठी दोन जागा बघायच्या: पातं मुठीत शिरतं ती जागा, आणि धारेला पाणी दिलेली जागा. बाकी पॉलिश, नक्षी, शिक्का ही सगळी शोभा.

*मूठ*

धार वाईट निघाली तर काम जास्त पडतं, एवढंच. मूठ वाईट निघाली तर पातं सुटून कुणाच्या तरी गुडघ्यावर जातं. आणि तो गुडघा बहुतेक वेळा मालकाचा नसतो. राखणीला ठेवलेल्या नेपाळी गड्याचा असतो, नाहीतर रोजावर आलेल्या ताईंचा. बागेपासून दवाखाना किती लांब आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून दुकानात पाच मिनिटं लागली तरी चालतील, पण मूठ नीट तपासा.

पात्याचं शेपूट मुठीत किती आत गेलंय ते आधी विचारा. शेपूट आरपार जाऊन मुठीच्या बुडाशी ठोकून पसरवलेलं किंवा वळवलेलं असेल तर उत्तम. मुठीच्या रुंदीचीच अखंड पट्टी आणि दोन बाजूंना लाकडाच्या फळ्या रिबिटांनी बसवलेल्या असतील तर तेही पक्कं काम. दोन-तीन इंच शेपूट भोकात घालून नुसतं लाखेने किंवा गोंदाने चिकटवलं असेल तर तो कोयता आंगणात नारळाच्या झावळ्या तासायला ठीक, झाडावर चढणाऱ्याच्या हातात देऊ नका.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे पात्याला मागून सळी वेल्डिंग करून केलेलं शेपूट. वरून कडं बसवलेलं असतं, म्हणून जोड दिसत नाही. कडं थोडं मागे सरकत असेल तर सरकवून बघा. वेल्डिंगचा फुगवटा दिसला की कोयता खाली ठेवा आणि पुढच्या दुकानात जा. यात घासाघीस करण्यासारखं काही नाही. शेपूट पात्यातूनच काढलेलं असेल तरी ते सुरू होतं तिथला कोपरा काटकोनात कापलेला नको, गोलाई हवी. टोकदार कोपऱ्यात प्रत्येक घावाचा ताण साठतो आणि तडा तिथूनच जातो.

मग पात्याला गोणपाट गुंडाळून एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने मूठ पिळा, ओढा. मुठीचं बूड लाकडी फळीवर चार वेळा आपटा. आत खळखळ वाजलं किंवा केसभर फट उघडली तर नको. पावसाळ्यात ओल्या लाकडाची बसवलेली मूठ आत्ता घट्ट वाटते, पण मार्चच्या उन्हात लाकूड आकसतं आणि सैल होते. काही जण मग कोयता रात्रभर पाण्यात टाकतात. लाकूड फुगतं, दोन दिवस घट्ट राहतं, पुन्हा सैल होतं, आणि आतल्या आत शेपूट गंजत जातं. हा उपाय बंद करा. मूठ बदलून घ्या, सुक्या लाकडाची.

*पातं*

"पाट्याचा आहे" असं प्रत्येक दुकानदार सांगतो. पाटा म्हणजे ट्रक-जीपच्या स्प्रिंगची पट्टी. त्यात साधारण 0.5 ते 0.6 टक्के कार्बन असतो, म्हणून ती तापवून विझवली की कडक होते. साध्या लोखंडी पट्टीत कार्बन 0.25 टक्क्यांच्या आतच असतो. तिला कितीही पाणी द्या, धार टिकणार नाही. लोहचुंबकाने यातलं काहीही कळत नाही, दोन्हींना तो सारखाच चिकटतो. दुकानात सहाण-चकरी असेल तर पात्याची पाठ क्षणभर टेकवायला सांगा. पाट्याच्या ठिणग्या पुढे जाऊन फुलबाजीसारख्या फुटतात, साध्या लोखंडाच्या लांब, सरळ आणि कमी फुटणाऱ्या असतात.

माल चांगला आहे म्हणून पाणी चांगलं दिलंय असं मात्र होत नाही. इथे बारीक दातांची कानस कामाला येते, ती सोबत न्या. धारेवरून हलकी फिरवा. कानस लोण्यासारखी चावत गेली तर धार मऊ. काचेवरून घसरावी तशी घसरली तर फार कडक, दगडावर बसली की ठिकरी उडेल. थोडी चावते, थोडी घसरते, ते बरोबर. आता तीच कानस पाठीवर फिरवा. पाठ धारेपेक्षा मऊच लागली पाहिजे. नेपाळी गड्याकडे खुकरी असेल तर त्याला विचारा. तिकडचे कारागीर तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाणी ओततात, पाठ मऊच ठेवतात. धार कापते, पाठ धक्का सोसते. आपला चांगला लोहारही हेच करतो, फक्त किटली नसते.

धारेवर निळसर झाक दिसली तर सावध व्हा. याचा अर्थ ग्राइंडरवर धार लावताना पातं 300 अंशांच्या आसपास तापलं आणि तिथलं पाणी उतरलं. घरी आणल्यावर फिरत्या धारवाल्याकडे देताना हेच लक्षात ठेवा. पाणी न लावता चकरीवर दाबून धरणाऱ्याला कोयता देऊ नका.

डोळा लावून पाठीवरून टोकापर्यंत बघा, पातं वाकडं नको. मुठीजवळ जाड आणि टोकाकडे निमुळतं हवं. धार एकाच बाजूने तासलेली असेल तर ती बहुधा उजव्या हातासाठी असते. डावखुऱ्या माणसाच्या हातात तो कोयता तिरका पळतो, त्याच्यासाठी दोन्हीकडून तासलेला घ्या.

*घरी आणल्यावर*

कामाला देण्याआधी एक संध्याकाळ स्वतः वापरा. पात्याला डिझेल चोळा, दहा मिनिटांनी फडक्याने अगदी कोरडं पुसा आणि वर खडूची पूड लावा. कुठे सूक्ष्म तडा असेल तर आतलं डिझेल पुडीत ओलसर रेघ उमटवतं. हे बिडीपासून लांब करा. मग सुक्या चिव्याच्या गाठीवर दहा-पंधरा घाव घाला आणि धार उजेडात धरा. धार वळली असेल तर मऊ, ठिकरी उडाली असेल तर कडक, दोन्हींत परत न्या. ओल्या फांदीवर कुठलाही कोयता चांगलाच वाटतो, त्यावर परीक्षा घेऊ नका.

मोबाईलवरच्या सुऱ्यांबद्दल. त्यांतल्या चांगल्यांची पट्टी मुठीत अखंड असते, हे खरं. पण पातं चार-पाच इंचांचं, जंगलात तंबू ठोकणाऱ्यांसाठी केलेलं. बेणणीला ते पुरत नाही. लाटा-लाटांची नक्षी बऱ्याचदा नुसती छापलेली असते. गंजत नाही म्हणून घ्यायचा विचार असेल तर आपल्या खाऱ्या हवेतही साधा पाट्याचा कोयता वर्षानुवर्षं टिकतो, काम झाल्यावर पुसून तेलाचा हात फिरवला की झालं. काजूच्या रसाने पडणारे काळे डाग राहू देत, त्याने काही बिघडत नाही.

आणि मनगटापेक्षा जाड फांदीला कोयता घालूच नका, करवत वापरा. साल फाटत नाही, आणि त्या जखमेवर बोर्डो पेस्ट नीट बसते.

कंपनी यंदा कोयत्यांची एकत्र मागणी देणार आहे. ज्यांना हवा त्यांनी "कोयता" लिहून उत्तर पाठवा. सोबत काम कुठलं (गवत की फांदी) आणि वापरणारा उजव्या हाताचा की डावखुरा, तेही लिहा. नमुने ऑफिसात ठेवलेत. कानस तिथे आहे, येऊन स्वतः फिरवून बघा. जो नमुना मुठीच्या परीक्षेत नापास होईल, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही.